रेंज फुल, तरी व्हिडिओ का अडकतो? टॉवरवरच्या ६४ अँटेनांची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लिखित भाग. बोलताना शंभर वेळा आलेलं 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' मी काढून टाकलंय, आणि आकडेमोड जरा नीट मांडलीय. हेडफोन नसला तरी चालेल. वही-पेन असेल तर मात्र मजा येईल, कारण मध्ये चहा-भजीचं एक बिल सोडवायचंय.

आज्जीचा प्रश्न

गेल्या वर्षीची गोष्ट. सोलापूरकरांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रा भरते, आमच्या भाषेत 'गड्डा'. त्यात भोगीच्या दिवशी अक्षता सोहळा असतो. सात नंदीध्वज मिरवत मंदिराजवळच्या संमती कट्ट्यापाशी येतात, आणि नजर जाईल तिथंवर पांढऱ्या बाराबंदीतली माणसं उभी असतात. माझी आज्जी लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हापासून तिनं एकही अक्षता चुकवली नव्हती. गेल्या वर्षी मात्र तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि जिना उतरायला बंदी होती. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "आज्जी, काळजी करू नको. मी तिथून व्हिडिओ कॉल लावतो, तू घरूनच अक्षता टाक."

कॉल लागला. तीन सेकंद सगळं दिसलं. मग एका नंदीध्वजाचं टोक तिच्या स्क्रीनवर गोठलं ते गोठलंच.

"अरे, चित्र थांबलंय की!"

"थांब की आज्जी जरा. रेंज तर फुल दाखवतंय."

"फुल आहे तर मग दिसंना का?"

आता गंमत अशी की पुण्यात मी ज्या टीममध्ये काम करतो, ती टीम मोबाइल टॉवरच्या रेडिओत चालणारं सॉफ्टवेअरच लिहिते. मला पगार ह्याच प्रश्नाचा मिळतो. आणि तरी मला आज्जीला धड उत्तर देता आलं नाही. सोहळा संपला, तिच्या हातातल्या अक्षता तशाच ताटात परत गेल्या. आजचा एपिसोड म्हणजे तिला द्यायचं राहिलेलं उत्तर.

रेंज सांगते आवाज किती मोठा आहे, वाटा किती मिळेल ते नाही

फोनच्या कोपऱ्यात ज्या दांड्या दिसतात, त्या एकच गोष्ट मोजतात: टॉवर सतत पाठवत असलेला एक ठरलेला सिग्नल तुमच्यापर्यंत किती जोरात पोचतोय. बस. त्या टॉवरकडे तुमच्यासोबत अजून किती लोक मागणी करतायत, ह्याचा त्या दांड्यांना पत्ताच नसतो. लग्नाच्या पंगतीत वाढप्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, म्हणून जिलेबी तुमच्या पानापर्यंत पोचेलच असं नाही. तसंच हे.

मग वाटा ठरतो कशावर? १९४८ साली क्लॉड शॅनन यांनी ह्याचं गणित मांडलं. एका सेकंदात किती माहिती पाठवता येईल, हे दोन गोष्टींवर ठरतं: वापरायला मिळालेल्या लहरींचा पट्टा किती रुंद आहे, आणि सिग्नल हा नॉइजपेक्षा, म्हणजे खरखरीपेक्षा, किती पट मोठा आहे.

पट्टा वाढवायचा तर तो सरकारकडून लिलावात घ्यावा लागतो. २०२२ च्या लिलावात सगळ्या कंपन्यांनी मिळून दीड लाख कोटी रुपयांहून जास्त बोली लावली. म्हणजे ही वस्तू किती महाग आहे बघा.

मग ताकद वाढवू या का? इथं शॅननचं सूत्र आपल्याला रडवतं, कारण त्यात लॉगरिदम आहे. सिग्नल नॉइजच्या १०० पट असेल, तर पट्ट्याच्या प्रत्येक हर्ट्झमागे सेकंदाला साधारण ६.७ बिट जातात. ताकद दुप्पट करून २०० पट केली, तर ७.७ बिट. वीजबिल दुप्पट, फायदा फक्त १५ टक्के.

पण समजा तीच मूळची ताकद दोन भागांत वाटली आणि एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन वाटांनी पाठवली. प्रत्येक वाटेवर सिग्नल ५० पट. एका वाटेवर ५.७ बिट, दोन्ही मिळून ११.३. ताकद तीच, पट्टा तोच, आणि माहिती जवळजवळ पावणेदोन पट! अट एकच, हवेत दोन वेगळ्या वाटा सापडल्या पाहिजेत.

हवेत कुठून आणायच्या दोन वाटा? तिथंच एकापेक्षा जास्त अँटेना कामाला येतात. ह्या तंत्राला 'मायमो' म्हणतात: पाठवणारे अँटेना अनेक, ऐकणारे अँटेनाही अनेक.

चहा-भजीचं बिल

टॉवरच्या दोन अँटेनांनी एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन वेगळ्या गोष्टी पाठवल्या. हवेत त्या मिसळल्या. तुमच्या फोनच्या पहिल्या अँटेनाला एक मिश्रण ऐकू आलं, दुसऱ्याला दुसरं. आता हे वेगळं कसं करायचं?

टपरीवर चला. पहिलं बिल: २ चहा, १ प्लेट भजी, ४० रुपये. दुसरं बिल: १ चहा, २ प्लेट भजी, ५० रुपये. चहा कितीचा? शाळेतलंच गणित आहे. चहा १०, भजी २०. दोन मिश्रणं, दोन अज्ञात, दोन्ही सुटले. तुमचा फोन एका सेकंदात लाखो वेळा हेच करत असतो.

पण एक मेख आहे. समजा दुसरं बिल असं असतं: ४ चहा, २ प्लेट भजी, ८० रुपये. हे तर पहिलंच बिल दुप्पट केलंय! नवीन काहीच कळलं नाही. बिलं दोन असली तरी समीकरण एकच. दोन्ही अँटेनांना सारखंच मिश्रण ऐकू आलं, तर दुसरा अँटेना असून नसल्यासारखा.

ह्याहून फसवा प्रकार म्हणजे 'जवळजवळ सारखं'. पहिलं बिल: १० चहा, १० भजी, ३०० रुपये. दुसरं: १० चहा, ११ भजी, ३२० रुपये. सुटतं, उत्तर तेच येतं. पण दुसऱ्या बिलावर चहा सांडला आणि ३२० चं ३२५ वाचलं गेलं तर? आता भजी २५ ची आणि चहा ५ चा! बिलात चूक दीड टक्का, चहाच्या भावात चूक ५० टक्के. आधीच्या सुट्या बिलांत ५० चं ५५ वाचलं असतं, म्हणजे १० टक्क्यांची चूक झाली असती, तरी चहा साधारण ८.३० आणि भजी २३.३० आली असती. चालून जातं.

तो सांडलेला चहा म्हणजे नॉइज. मिश्रणं जेवढी सारखी, तेवढा नॉइज फुगतो. म्हणून खऱ्या रिसीव्हरमध्ये आम्ही समीकरण आंधळेपणानं सोडवत नाही. 'दुसऱ्याचा सिग्नल पूर्ण पुसायचा' हा हट्ट सोडून 'थोडा राहू दे, पण नॉइज फुगू देऊ नको' असा समतोल साधणारी पद्धत वापरतो. तिचं नाव एमएमएसई. माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे ही तडजोड वेळेत, बॅटरी न खाता, कशी करायची एवढाच आहे.

शत्रू कसा मित्र झाला

मग दोन अँटेनांना वेगवेगळी मिश्रणं ऐकू यावीत तरी कशी? फोनमध्ये ते एकमेकांपासून काही सेंटिमीटरवर असतात, टॉवर शेकडो मीटर लांब. सिग्नल सरळ रेषेत आला, तर दोघांना जवळजवळ सारखाच मिळणार.

वाचवतात ते प्रतिध्वनी. सिग्नल भिंतीवर आपटतो, पत्र्यावरून उसळतो, बसच्या टपावरून येतो. प्रत्येक वाटेची लांबी वेगळी. ५जी मध्ये ३.५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतात, त्याची तरंगलांबी साधारण साडेआठ सेंटिमीटर. म्हणजे सव्वाचार सेंटिमीटरचा फरक पडला तरी लहरीचा चढ उतारावर येऊन बसतो. त्यामुळं दोन बोटांवर असलेल्या अँटेनालाही अगदी वेगळं मिश्रण ऐकू येतं.

पूर्वी हेच प्रतिध्वनी इंजिनिअरांचे शत्रू होते. घरातल्या मोठ्यांना विचारा, गच्चीवरच्या अँटेनाच्या काळात टीव्हीवर एका माणसाच्या शेजारी त्याची फिकट सावली दिसायची. ते प्रतिध्वनीच. त्यांना मारायचं कसं, ह्यावर कितीतरी वर्षं संशोधन झालं.

त्यांना कामाला लावायची कल्पना ज्या दोन माणसांनी पेटंटमध्ये मांडली, त्यांची मुळं आपल्या हुतात्मा एक्स्प्रेसच्या शेवटच्या स्टेशनाशी जोडलेली आहेत. थॉमस कैलथ यांचा जन्म पुण्यात १९३५ साली एका मल्याळी कुटुंबात झाला. शाळा सेंट व्हिन्सेंट, कॉलेज आपलं सीओईपी, तिथून १९५६ साली ते बीई झाले. मग एमआयटीत डॉक्टरेट आणि पुढं स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक. दुसरे आरोग्यस्वामी पॉलराज, मूळचे तमिळनाडूचे. पण पंधराव्या वर्षी ते खडकवासल्याच्या एनडीएत आले आणि इंजिनिअरिंग लोणावळ्याच्या नौदलाच्या कॉलेजात शिकले.

पॉलराज नौदलात सोनारवर काम करायचे. १९७१ च्या युद्धात आयएनएस खुकरी ही युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीनं बुडवली, आणि आपल्या जहाजांचे 'कान' सुधारायची निकड सगळ्यांना कळली. पुढं पॉलराज यांच्या नेतृत्वाखाली कोचीत 'अप्सो' हा भारतीय सोनार तयार झाला. सोनार म्हणजे तरी काय? पाण्याखाली अनेक 'कान' लावायचे आणि आलेल्या आवाजांच्या गणितातून दिशा काढायची. तेच डोकं घेऊन ते स्टॅनफर्डला कैलथ यांच्याकडं गेले. तिथं एकाच फ्रिक्वेन्सीवरचे दोन सिग्नल वेगळे करायचं काम चालू असताना त्यांच्या लक्षात आलं, की वाटेत सिग्नल जास्त विखुरला तर ते वेगळे करणं उलट सोपं जातं. १९९२ साली दोघांनी पेटंटचा अर्ज केला, १९९४ मध्ये ते मिळालं. पुढं १९९६ मध्ये बेल लॅब्जच्या जेरार्ड फोशिनी यांनी ह्या कल्पनेची ताकद गणितानं दाखवली, आणि आज ४जी, ५जी, घरातलं वायफाय, सगळं ह्यावर उभं आहे. पॉलराज यांना २०१४ चं मार्कोनी पारितोषिक मिळालं.

६४ जणांनी दिलेला एक धक्का

आता टॉवरकडं. नव्या ५जी टॉवरवर चपट्या पेट्या दिसतात. त्यांतल्या बऱ्याच पेट्यांत ६४ अँटेना असतात: आठ उभे स्तंभ, चार आडव्या ओळी, आणि प्रत्येक जागी एकमेकांना काटकोनात ठेवलेले दोन.

नागपंचमीचा झोका आठवा. एकानं धक्का दिला तर झोका थोडा वर जातो. दोघांनी बरोबर वेळ साधून दिला तर खूप वर. वेळ चुकली तर झोका थांबतो. ६४ अँटेना असंच करतात. प्रत्येकाची लहर किंचित पुढं-मागं करून सोडायची, अशी की तुमच्या फोनपाशी सगळ्यांचे चढ एकत्र यावेत. ह्याला बीमफॉर्मिंग म्हणतात. एकूण ताकद तेवढीच ठेवून ती ६४ जणांत वाटली, तरी तुमच्या फोनपाशी सिग्नलची शक्ती ६४ पट होऊ शकते.

त्याहून भारी गोष्ट म्हणजे हेच गणित उलटंही वापरता येतं. तुमच्यापाशी चढ, आणि तुमच्या शेजारच्या चौकातल्या माणसापाशी नेमका शून्य. मग त्याच क्षणी, त्याच फ्रिक्वेन्सीवर त्याला त्याचा वेगळा व्हिडिओ पाठवता येतो. कैलथ-पॉलराज यांच्या वाटा इथं एका फोनपुरत्या न राहता अनेक माणसांत वाटल्या जातात. २०१० साली थॉमस मार्झेटा यांनी 'टॉवरवर अँटेना भरपूर वाढवा' हा विचार मांडला, तो ह्याच फायद्यासाठी.

पण कोणती लहर किती पुढं-मागं करायची, हे टॉवरला कळतं कसं? तुमचा फोन दर थोड्या वेळानं एक ठरलेला सिग्नल पाठवतो, त्याला पायलट समजा. टॉवर बघतो की तो ६४ अँटेनांपाशी कसा-कसा पोचला. येण्याची वाट तीच जाण्याची वाट, म्हणून त्याच हिशोबानं तो उत्तर पाठवतो. फक्त हा हिशोब लगेच शिळा होतो. तुम्ही सेकंदाला एक मीटर ह्या चालीनं चालत असाल, तर ते सव्वाचार सेंटिमीटर तुम्ही साधारण ४० मिलिसेकंदात ओलांडता. म्हणून पुन्हा पायलट, पुन्हा हिशोब.

मग गड्ड्यात काय झालं?

आता आज्जीच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. गर्दीत एकाच वेळी चार गोष्टी बिघडतात.

एक, दिशा. आठ स्तंभांच्या अँटेनाचा बीम साधारण १२-१३ अंश रुंद असतो. ३०० मीटरवर त्याची रुंदी ६५ ते ७० मीटर होते. रोजच्या दिवशी तेवढ्या पट्ट्यात पाच-पन्नास माणसं असतील. अक्षतेच्या वेळी हजारो. शिवाय सगळे जमिनीवर उभे, त्यामुळं वर-खाली वेगळं करायला मजलेही नाहीत. एका बीममधल्या सगळ्यांना मग आळीपाळीनंच वाढावं लागतं.

दोन, उघडी जागा. मैदानावर टॉवर समोर दिसतो, म्हणून सिग्नल सरळ आणि जोरात येतो, रेंज फुल. पण प्रतिध्वनी कमी. म्हणजे बिलं जवळजवळ सारखी! एकाच फोनला दोन-चार वाटांनी माहिती देण्याची सोय तिथंच आखडते. दांड्या भरलेल्या आणि वाटा कमी, हे दोन्ही एकाच कारणानं.

तीन, पायलटची टंचाई. एकमेकांत न मिसळणारे पायलट मोजकेच असतात. फोन हजारो झाले की टॉवर त्यांना थांबून-थांबून पाळी देतो, आणि हिशोब शिळे होतात. कनेक्शन मागायला टॉवरचं दार वाजवायच्या 'टकटकी'सुद्धा एका सेलमध्ये ६४ प्रकारच्याच. दोघांनी एकाच क्षणी एकच टकटक केली तर बऱ्याचदा दोघांनाही परत रांगेत जावं लागतं.

चार, आणि आज्जीच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं: मी व्हिडिओ बघत नव्हतो, पाठवत होतो. टॉवर ताकदवान आहे, माझा फोन नाही. फोन साधारण पाव वॅटच्या आत पाठवतो, तेही बहुतेक वेळा एकाच अँटेनानं. दांड्या टॉवरचा आवाज मोजतात, माझा आवाज टॉवरला किती ऐकू येतोय ते मोजतच नाहीत. माझ्याभोवती शेकडो जण त्याच क्षणी लाइव्ह करत होते, आणि टॉवरला त्या सगळ्यांचं एकच प्रचंड बिल सोडवायचं होतं.

म्हणजे ६४ अँटेना असूनही गर्दी जिंकू शकते. हे सॉफ्टवेअरचं अपयश म्हणता येणार नाही. माणसं एकाच दिशेला दाटली की वेगळ्या करायला हवेत वाटाच उरत नाहीत. म्हणूनच मोठ्या गर्दीत कंपन्या चाकांवरचे तात्पुरते टॉवर आणतात. वेगळ्या जागी टॉवर म्हणजे वेगळ्या दिशा, आणि वेगळ्या दिशा म्हणजे सुटणारी बिलं.

तुमच्या हातात काय आहे?

गर्दीच्या मध्यातून बाहेर, कडेच्या गल्लीत या. तिथं टॉवरच्या दृष्टीनं तुमची दिशा वेगळी होते, आणि भिंती प्रतिध्वनी देतात. एखादी दांडी कमी दिसली तरी बिचकू नका. पाठवताना चालू नका, उभे राहा. फोन दोन्ही हातांनी चहूबाजूंनी झाकू नका, अँटेना कडांना असतात. आणि फारच अडलं तर व्हिडिओ सोडून साधा फोन लावा. आवाजाला सेकंदाला दहा-वीस किलोबिट पुरतात, व्हिडिओला कितीतरी पट लागतात. शिवाय ४जी-५जी वरच्या साध्या कॉलला नेटवर्क ॲपच्या कॉलपेक्षा वरचा नंबर देतं.

ह्या वर्षी मी तेच केलं. मैदानात घुसलो नाही, कडेच्या एका गल्लीच्या तोंडाशी, भिंतीला टेकून उभा राहिलो. आज्जीला साधा कॉल लावला आणि फोन वर धरला.

"चित्र नाही गं आज्जी, नुसता आवाज."

"असू दे. मला पाठ आहे सगळं. तू फक्त फोन हलवू नको."

ते तिला कुणी शिकवलं, माहीत नाही. संमतीचे शब्द सुरू झाले, आणि पलीकडून फोनवर तांदूळ पडल्याचा बारीक आवाज आला.

पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तुमच्या गावच्या जत्रेत नेट कुठं चालतं आणि कुठं मरतं, ते नक्की कळवा. तोवर, रेंज बघा, पण तिच्यावर फार विश्वास ठेवू नका.